खुब्याचं ऑपरेशन भरवशाचं करणारा सर्जन, ज्याने फसलेलं प्लास्टिक स्वतःच्या मांडीत घालून पाहिलं

खुबा बदललेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालायला लागतो, याचं आज कुणाला नवल वाटत नाही. पण हे ऑपरेशन भरवशाचं व्हायला एका माणसाची अख्खी कारकीर्द खर्ची पडली. त्यांचं नाव सर जॉन चार्नली.

चार्नली यांचा जन्म १९११ सालचा, इंग्लंडमधल्या बरी गावचा. वडील औषधविक्रेते, आई नर्स. मँचेस्टरला डॉक्टरकी शिकून ते हाडांचे सर्जन झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात होते.

कर्रकर्र वाजणारा सांधा

तेव्हाही कृत्रिम खुबे बसवले जायचे, पण ते लवकर सैल व्हायचे. एका रुग्णाचा खुबा तर टेबलावर वाकला की इतका वाजायचा, की बायको त्याला टाळायची. चार्नली यांनी ओळखलं, की खरा शत्रू घर्षण आहे.

विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये त्यांनी नवा सांधा बनवला. मांडीच्या हाडात धातूचा छोटा गोळा, कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी, आणि दोन्ही पक्कं बसवायला सिमेंट. सुमारे ३०० रुग्णांवर ऑपरेशनं झाली. रुग्ण खूश होते.

आणि मग वाट्या झिजायला लागल्या. झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूचं हाड खराब होऊ लागलं. रुग्णांवर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली. शरीर या कणांना कसा प्रतिसाद देतं, हे पाहायला चार्नली यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले. तिथे गाठी आल्या.

१९६२ मध्ये एक विक्रेता पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नली यांनी ते नखाने दाबून पाहिलं आणि नाकारलं. पण त्यांचे सहकारी हॅरी क्रेव्हन यांनी ते यंत्रावर घासून बघितलं. झीज अगदीच कमी होती! त्याच नोव्हेंबरमध्ये नवी वाटी वापरात आली.

या वेळी मात्र चार्नली यांनी घाई केली नाही. त्यांच्याकडे शिकलेल्या सर्जननाच हा सांधा मिळायचा. ऑपरेशन थिएटरची हवा शुद्ध करून त्यांनी जंतुसंसर्गही खूप कमी केला. १९७७ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि आज?

आता प्रश्न मिलिमीटरचा आहे. गोळा थोडा वर-खाली बसला, की ऑपरेशन झालेला पाय लांब किंवा आखूड होतो. माणूस लंगडतो, कंबर दुखते, बुटात उंच तळवा घालावा लागतो. पूर्वी सर्जन दोन्ही गुडघे जुळवून आणि हाताच्या अंदाजाने लांबी ठरवायचे.

कॉम्प्युटर नेव्हिगेशनमध्ये कमरेच्या आणि मांडीच्या हाडावर खुणा लावतात. कॅमेरा त्या टिपतो आणि लांबी किती बदलली ते पडद्यावर दिसतं. यामुळे मोठ्या चुका टळायला मदत होते. पण अनुभवी सर्जनच्या रुग्णापेक्षा नेव्हिगेशनवाला रुग्ण पुढे वर्षानुवर्षं अधिक चांगला चालतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

टेफ्लॉनची वाटीसुद्धा पहिल्या काही महिन्यांत उत्तमच वाटली होती. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न फक्त मशीन कोणतं, हा नाही. त्या डॉक्टरांचे जुने रुग्ण पाच-दहा वर्षांनी कसे चालतात, हेही विचारायला हवं.