धर्मानंद कोसंबी: बुद्धाने घर का सोडलं?

म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी. ही चार दृश्यं पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, असं आपण शाळेत शिकलो. पाली पंडित धर्मानंद कोसंबींना मात्र ही गोष्ट पटली नव्हती.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. 'बालबोधमेवा' मासिकातलं बुद्धचरित्र वाचून ते भारावले. १८९९ मध्ये बायको आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून त्यांनी स्वतःच घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ असं फिरत १९०२ मध्ये ते श्रीलंकेत पोहोचले, भिक्खू झाले, पाली शिकले. पुढे संसारात परतले. १९१२ पासून सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगातही गेले. १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांचं निधन झालं.

जुन्या पाली सुत्तांच्या आधारे त्यांनी गृहत्यागाचं वेगळं कारण मांडलं. शाक्य आणि कोलिय हे शेजारी आणि सोयरेही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्यांच्यात वाद पेटे. आपलीच माणसं एकमेकांवर शस्त्र उगारताना पाहून सिद्धार्थ व्यथित झाला आणि बाहेर पडला.

म्हणजे गृहत्याग हे जबाबदारी टाळण्याचं नव्हे, तर शस्त्र नाकारण्याचं प्रतीक ठरतं. मुळशीसारख्या तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला, की बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. तिथे घर सोडायची गरज नाही. हातातला दगड खाली ठेवून बोलायला बसलं, तरी सिद्धार्थाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल पडतं.