वाफेला वाट देणारा डेनिस पॅपिन

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावच्या घरी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. वरून गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच कढत पाणी बादलीत पडते. बंबाचे तोंड उघडे, त्यामुळे त्यात भिण्यासारखे काही नाही. कॉलेजसाठी शहरात चुलत बहिणीकडे राहायला आले, तेव्हा भिंतीवरचा गिझर मी प्रथमच वापरला. पाणी तापत असताना त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. मला ते गळणे बघवेना. मी चिंधी गुंडाळलेली एक काडी त्या तोंडात घट्ट बसवली. दोन दिवसांनी प्लंबरकाका दुसऱ्याच कामासाठी आले. काडी दिसताच त्यांनी आधी बटण बंद केले, काडी उपसून काढली आणि मग मला जे सुनावले ते मी जन्मात विसरणार नाही.

बंद टाकीत नळाचे पाणी दाबाने भरलेले असते. पाणी तापले की फुगते. अगदी गार पाणी उकळीपर्यंत नेले तर १०० लिटरमागे सुमारे ४ लिटर वाढते. ते वाढलेले पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्हमधून गळत होते ते हेच. उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट बिघडला तर आतले पाणी दाबामुळे १०० अंशांच्या पुढेही पाणीच राहते. अशा वेळी टाकी फाटली तर त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. मी बुजवले होते ते भोक नव्हते, घरातील माणसांच्या जिवाची राखण होती!

ही राखण प्रथम कोणाला सुचली, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालय गाठले. तेथे मला डेनिस पॅपिन भेटला.

पॅपिनचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ रोजी फ्रान्समधील ब्लवा गावाजवळ झाला. त्याने वैद्यकाचे शिक्षण घेऊन १६६९ मध्ये पदवी मिळवली. पण त्याचे मन रोग्यांपेक्षा यंत्रांत रमे. पॅरिसला थोर शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याच्या हाताखाली तो काम करू लागला. तेथेच लायब्निट्झशी त्याची ओळख झाली आणि ती पत्रांतून पुढे अनेक वर्षे टिकली. १६७५ मध्ये तो लंडनला गेला आणि रॉबर्ट बॉइलचा मदतनीस झाला.

१६७९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे एक भांडे ठेवले. जाड धातूचे, घट्ट झाकणाचे. आत वाफ कोंडली की पाणी नेहमीपेक्षा जास्त तापे आणि कठीण हाडेसुद्धा मऊ होत. टाकाऊ हाडांतून गरिबांना सकस अन्न मिळावे, अशी त्याची इच्छा होती. पण कोंडलेली वाफ भांडे फोडू शकते. म्हणून पॅपिनने झाकणाला एक लहान भोक ठेवले, त्यावर झडप बसवली, झडपेवर आडवी दांडी आणि दांडीला वजन. वाफेचा जोर ठरल्यापेक्षा वाढला की वजन उचलले जाई, वाफ बाहेर पडे, झडप पुन्हा बसे. वजन दांडीवर पुढेमागे सरकवून किती जोर सोसायचा तेही ठरवता येई. किती साधी युक्ती! १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना या भांड्यांत शिजवलेले जेवण वाढण्यात आले. आज आपल्या आया ज्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात, त्या कुकरचा हा पूर्वज होय.

पण पॅपिनच्या नशिबी स्थैर्य नव्हते. तो प्रोटेस्टंट पंथाचा. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्या पंथाचे संरक्षण काढून घेतले आणि मायदेशाचे दार त्याला बंद झाले. पुढे तो जर्मनीत मारबुर्गला गणिताचा प्राध्यापक झाला. १६९० मध्ये त्याने नवी कल्पना मांडली : नळकांड्यात थोडे पाणी तापवून वाफेने दट्ट्या वर न्यायचा, वाफ थंड होऊन आटली की बाहेरची हवाच तो खाली दाबते आणि त्या जोरावर वजन उचलता येते. १७१२ मध्ये थॉमस न्यूकोमेनने याच तत्त्वावर चालणारे मोठे इंजिन इंग्लंडच्या खाणीवर उभे केले. पॅपिनला मात्र स्वतःचे मोठे यंत्र उभारण्यास पुरेसे पाठबळ कधी लाभले नाही.

१७०७ मध्ये चाकाच्या वल्ह्यांची होडी घेऊन तो कासेलहून फुल्डा नदीने निघाला. ही जगातील पहिली आगबोट, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते; पण तिची चाके माणसेच फिरवीत होती असे अभ्यासक मानतात. इंग्लंडला पोचून तिला वाफेचे यंत्र जोडावे, असे त्याच्या मनात होते. म्युंडेन येथे नावाड्यांच्या संघाने होडी अडवली. त्या नदीवरील वाहतुकीचा हक्क त्यांचा होता. आपली रोजी जाईल ही भीती त्यांना वाटली असल्यास नवल नाही. होडीचे तुकडे झाले आणि साठीचा पॅपिन रिकाम्या हातांनी लंडनला पोचला.

तेथेही दिवस पालटले होते. जुने चाहते उरले नव्हते. न्यूटन अध्यक्ष असलेल्या रॉयल सोसायटीने त्याच्या यंत्राच्या योजनेला पैसा दिला नाही. त्याची अखेरची वर्षे दारिद्र्यात गेली. तो कधी व कोठे वारला हे तीनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. २०१६ मध्ये लंडनच्या सेंट ब्राइड चर्चच्या जुन्या वहीत त्याच्या दफनाची नोंद सापडली : २६ ऑगस्ट १७१३. सहासष्टावा वाढदिवस उलटून चारच दिवस झाले होते.

ब्लवा गावी आज त्याचा पुतळा उभा आहे. पण त्याचे खरे स्मारक मला आमच्या न्हाणीघरात दिसते. त्याने वाफेला कोंडायला शिकवले आणि तिच्यासाठी एक वाटही मोकळी ठेवली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकलेली म्हणून मिरवत असताना एका चिंधीच्या काडीने माझे अज्ञान मला दाखवले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा आई नव्या कुकरला घाबरून शिट्टी होईपर्यंत अंगणात उभी राहत होती. तिला मी ओट्याजवळ आणले आणि पॅपिनची गोष्ट सांगितली. शिट्टी झाली. ती दचकली खरी, पण जागची हलली नाही.