उलट्या घड्याळाच्या ग्रेसबाई

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत कॉम्प्युटरच्या क्लासचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, आता या वयात आम्हाला काय जमणार! अशा वेळी मला अमेरिकेच्या नौदलातल्या ग्रेस हॉपर आठवतात.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ चालतं कसं, हे बघायला तिनं घरातली एकेक करत सात घड्याळं खोलून ठेवली! आईनं मग एकच घड्याळ तिच्या हाती दिलं आणि बाकीची उचलून ठेवली. हौस मात्र मोडली नाही. पुढे मुलींच्या कॉलेजात शिकवता शिकवताच तिनं १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली.

दुसरं महायुद्ध पेटलं. नौदलात जायचं तर वय जास्त आणि वजन कमी, म्हणून नकार मिळाला. ग्रेसबाईंनी पिच्छा सोडला नाही. वजनाची खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या भरती झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. नेमणूक झाली ती जहाजावर नाही, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या ‘मार्क वन’ या गणनयंत्रावर. पन्नास फूट लांबीचं धूड होतं ते!

त्या काळी यंत्राला सूचना आकड्यांतच द्याव्या लागत. साध्या शब्दांत का देऊ नयेत, असं ग्रेसबाईंना वाटे. यंत्राला शब्द कसे कळणार, म्हणून लोकांनी ते उडवून लावलं. पण १९५२ मध्ये त्यांनी कंपायलर बनवला, मग इंग्रजी शब्दांची ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा केली. तिच्याच पायावर १९५९ मध्ये ‘कोबोल’ आकाराला आली. बँका आणि सरकारी कचेऱ्यांचे कितीतरी हिशेब वर्षानुवर्षं याच भाषेवर चालले.

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, त्या निवृत्त झाल्या. पण नौदलाचं त्यांच्यावाचून अडलं. १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून परत बोलावलेल्या बाई, मधला थोडा काळ सोडला तर, १९८६ पर्यंत राहिल्या. निवृत्त झाल्या तेव्हा त्या रिअर अॅडमिरल होत्या, वय ७९!

व्याख्यानांत त्या फूटभर लांबीच्या तारेचे तुकडे वाटत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज फार तर एवढंच अंतर जाते, हे डोळ्यांना दिसावं म्हणून. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी उलटे काटे फिरणारं घड्याळ लावलं होतं. आजवर असंच चालत आलंय, ही सबब त्यांना मुळीच खपत नसे.

१ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, वयाचं कारण पुढे करण्याआधी ते उलटं घड्याळ जरा आठवा. क्लासला नाव नोंदवायला तेवढं पुरे आहे.