माणसाची खरी कमाई

अपुरे काम मागे कोण पुरे करतो, यावरून माणसाची खरी कमाई कळते. ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याचे पुत्र जॉन मेलर १९५२ साली अंकारा येथे जन्मले आणि जो स्ट्रमर या नावाने पंक संगीताचे अग्रणी झाले. १९८० साली त्यांच्या ‘द क्लॅश’ या वाद्यवृंदाने तीन तबकड्यांचा संच स्वस्तात विकला जावा म्हणून स्वतःच्या स्वामित्वधनाला कात्री लावून घेतली. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला ते संपकरी अग्निशामक कामगारांच्या मदतीसाठी गायले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, पन्नाशीतच, जन्मजात हृदयदोषाने त्यांचे निधन झाले. अर्धवट राहिलेली ‘स्ट्रीटकोअर’ ही ध्वनिमुद्रिका सहकाऱ्यांनी पूर्ण केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. स्ट्रमर यांनी सोडलेला नफा कोणत्याही जमाखर्चात दिसणार नाही. सोबत्यांनी तडीस नेलेले हे काम मात्र त्यांच्याच खाती जमा आहे.