भारतीय विमानसेवेचे जनक : जे. आर. डी. टाटा



गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक तयार होतात, हे आपल्या बालाघाटच्या पुष्कळ मुलांना ठाऊक आहे. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना ज्यांना मिळाला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. लहानपणी सुटीत फ्रान्सच्या समुद्रकिनारी राहत असताना ब्लेरियो यांचे कुटुंब त्यांच्या शेजारी असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो. विमानाचे वेड जे. आर. डीं.ना तिथेच लागले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत परवाना हाती आला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन ते एका इंजिनाच्या छोट्याशा पस मॉथ विमानातून कराचीहून एकटेच निघाले. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचे होते. ते आले कसे? चक्क बैलगाडीतून, डब्यांत भरून! मग मुंबईला जुहूच्या मैदानावर ते उतरले आणि तेथून सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूला चिखल होई, म्हणून मुक्काम पुण्याला हलवावा लागे. पहिल्या वर्षी प्रवासी मिळाले अवघे १५५. आपल्या स्नेहसंमेलनाला याहून जास्त मंडळी जमतात!

याच रोपट्याची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जे. आर. डीं.ना ते रुचले नव्हते, तरी १९७८ पर्यंत अध्यक्षपद त्यांनीच सांभाळले. त्यांच्याच काळात, १९६० साली, जेट विमाने आली आणि १९७१ मध्ये जंबो जेट आले. पस मॉथचे पोट काही डब्यांत भरे. जंबोच्या टाक्यांत जवळजवळ दोन लाख लिटर इंधन मावे. जेटला लागते ते आपल्या रॉकेलच्याच जातीचे तेल. १९७३ च्या तेलसंकटात त्याचे भाव भडकले आणि जगभरच्या विमान कंपन्या हवालदिल झाल्या.

तेव्हापासून कमी इंधन खाणारी इंजिने बनविण्याची चढाओढ लागली. एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्यासाठी आजच्या विमानाला १९६० च्या जेटच्या निम्म्याहूनही कमी इंधन पुरते. मग एकूण खप घटला का? नाही, उलट कितीतरी वाढला. कारण प्रवासीच वाढले. २०२४ या एका वर्षात देशातल्या देशात १६ कोटींहून अधिक प्रवासी विमानाने गेले, आणि त्यांत आपल्या गावाहून नागपूरला जाऊन विमान धरणारी कुटुंबेही आली. प्रत्येक इंजिनाने वाचविलेले तेल आपण सर्वांनी मिळून अधिक फेऱ्यांत जाळले, हा हिशेब गणिताच्या तासाला जरूर करून पाहावा.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी कराची ते मुंबई हा प्रवास तशाच एका जुन्या छोट्या विमानातून पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले. त्यांची एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली.