अ‍ॅलन ट्युरिंग

अ‍ॅलन ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील हिंदुस्थानात, मद्रास इलाख्यात, सनदी अधिकारी होते. त्यामुळे बालपणी अ‍ॅलनला आईवडिलांचा सहवास फारसा लाभला नाही. मुलगा एकलकोंडा, परंतु मोठा निश्चयी होता. १९२६ साली त्याला शेरबोर्नच्या शाळेत जावयाचे होते. नेमका त्याच वेळी देशभर संप झाला व आगगाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा अ‍ॅलन साउदॅम्प्टनहून एकटाच सायकलवर निघाला आणि वाटेत एक रात्र मुक्काम करून, सुमारे १०० किलोमीटर अंतर तोडून शाळेत हजर झाला!

गणित हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. केंब्रिज येथे अध्ययन करीत असता १९३६ साली ट्युरिंग यांनी मनोमन एक यंत्र कल्पिले. घरे आखलेल्या लांबच लांब पट्टीवरील चिन्हे वाचावी, पुसावी, नवी लिहावी, एवढेच त्याचे काम. परंतु ठरावीक नियमांनी सुटणारे कोणतेही गणित असे यंत्र सोडवू शकेल, हे त्यांनी दाखवून दिले. आजच्या संगणकशास्त्राचा पाया तो हाच.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन सैन्य आपले संदेश 'एनिग्मा' नावाच्या यंत्राने गुप्तलिपीत पाठवीत असे. त्या यंत्राच्या रचना पंधरा लक्ष कोटी कोटींहून अधिक होत्या आणि रोजची रचना निराळी! पोलंडच्या गणितज्ञांनी या कोड्याचा पहिला भेद केला होता. आपले ज्ञान त्यांनी इंग्रजांच्या स्वाधीन केले. ब्लेचली पार्क येथे ट्युरिंग यांनी ते कार्य पुढे नेले. एनिग्मात कोणतेही अक्षर बदलून पुन्हा तेच अक्षर कधीही होत नसे. संदेशात अमुक शब्द असेल असा तर्क करावयाचा, आणि हा नियम मोडत असेल तर ती जागा सोडून द्यावयाची. उरलेल्या शक्यता झपाट्याने तपासण्यासाठी त्यांनी एक विद्युत्-यंत्र योजिले. जर्मन पाणबुड्या इंग्लंडला अन्नधान्य आणणारी जहाजे बुडवीत होत्या. १९४१ पासून त्यांचे संदेश उलगडू लागले, जहाजांचे मार्ग बदलता आले आणि असंख्य प्राण वाचले.

हे कार्य मात्र गुप्त राखावयाचे होते. ट्युरिंग यांनी त्याविषयी वाच्यता केली नाही. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे हा त्या काळी इंग्लंडात गुन्हा मानला जाई. त्यासाठी १९५२ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. ज्या देशाला त्यांनी वाचविले, त्यानेच त्यांना अपमानित केले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

पुढे वीस वर्षांनी ब्लेचली पार्कचे रहस्य जगाला कळले. २००९ साली ब्रिटिश सरकारने ट्युरिंग यांच्यावरील अन्यायाबद्दल क्षमा मागितली आणि २०२१ साली ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र झळकले. हा गौरव पाहावयास ते नव्हते. परंतु त्यांनी कल्पिलेले यंत्र आज घरोघरी काम करीत आहे.