काष्ठयंत्रकार जॉन हॅरिसन

घरच्या सुतारशाळेत लाकडाच्या चाकांना एकेक दाता बसविणाऱ्या माणसाने पुढे महासागरावरील नौकांस वाट दाखवावी, ही कोणास कविकल्पनाच वाटेल. परंतु अठराव्या शतकात इंग्लंडात ती प्रत्यक्षात उतरली. त्या थोर कारागिराचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसन ह्यांचा जन्म १६९३ साली यॉर्कशायरमधील फाउल्बी ह्या खेड्यात झाला. वडील हेन्री हे सुतार होते. पुढे हे कुटुंब लिंकनशायरमधील बॅरो ह्या गावी जाऊन राहिले. शालेय शिक्षण असे फारसे झाले नाही. तथापि ज्ञानाची ओढ विलक्षण होती. एका धर्मोपदेशकाकडून सॉन्डरसन ह्या गणितज्ञाच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत मिळताच त्यांनी ती आकृत्यांसह स्वतःच्या हाताने उतरून काढली. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १७१३ साली, त्यांनी आपले पहिले लंबकाचे घड्याळ तयार केले. त्याची चाके पितळेची नव्हती, तर लाकडाची होती. कारण सरळ होते. घरात लाकूड होते, आणि ते कसे वागते हे हातास ठाऊक होते.

दंतचक्राचे काम वरून दिसते तितके सोपे नाही. ८० दात्यांचे मोठे चाक १० दात्यांच्या लहान चाकास लागले, तर मोठे एकदा फिरते तोवर लहान ८ वेळा फिरते. हा हिशेब शाळकरी मुलासही करता येतो. खरी अडचण पुढे येते. एक दाता केसभर जरी चुकला, तरी ती चूक प्रत्येक फेऱ्यात परत येते. शिवाय लाकडाचा स्वभाव निराळा. एका फळीतून संपूर्ण चाक कापले, तर दोन बाजूंचे दाते तंतूंच्या दिशेने येतात व बळकट राहतात; उरलेल्या दोन बाजूंचे दाते तंतूंना आडवे पडतात आणि थोड्या भाराने मोडतात. हॅरिसन ह्यांनी ओकच्या चकतीच्या कडेस खोबण पाडली व तीत दात्यांचे लहान लहान तुकडे स्वतंत्रपणे बसविले. प्रत्येक तुकड्याचे तंतू मध्यापासून बाहेरच्या दिशेस जात होते. त्यामुळे चाकाचा एकही दाता दुबळा राहिला नाही.

सुमारे १७२२ साली ब्रॉकल्सबी पार्क येथील मनोऱ्यासाठी त्यांनी मोठे घड्याळ केले. त्या काळचे तेल थोड्याच दिवसांत घट्ट होऊन चाके अडवीत असे. हॅरिसन ह्यांनी घर्षणाच्या जागी लिग्नम व्हायटी हे मुळातच तेलकट असलेले लाकूड योजिले, आणि तेलाची गरजच नाहीशी केली. पुढे धाकटे बंधू जेम्स ह्यांच्या साहाय्याने त्यांनी पितळ व पोलाद ह्यांच्या दांड्या जोडून असा लंबक सिद्ध केला की, ज्याची लांबी थंडी-उन्हाने बदलत नसे.

ह्याच सुमारास इंग्लंडपुढे मोठा प्रश्न उभा होता. १७०७ साली सिली बेटांजवळ नौदलाची ४ जहाजे खडकांवर फुटून हजाराहून अधिक लोक बुडाले. नौकेचे अक्षांश सूर्यावरून कळत. परंतु रेखांश कळण्यास खात्रीचा उपाय नव्हता. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणून निघाल्या बंदराची अचूक वेळ नौकेवर कळली, तर रेखांश काढता येतो. मात्र डोलत्या नौकेवर लंबक चालत नाही. १७१४ साली पार्लमेंटने ह्या कामासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे पारितोषिक ठेविले.

हॅरिसन लंडनला गेले. जॉर्ज ग्रॅहम ह्या नामांकित घड्याळकाराने त्यांस मोठ्या मनाने उसने पैसे दिले. त्यांचे पहिले सागरी घड्याळ १७३६ साली लिस्बनपर्यंत जाऊन आले आणि परतीच्या वाटेवर त्याने खलाशांची चूक दाखवून दिली. त्यानंतर अधिकृत मंडळासमोर उभे राहण्याचा प्रसंग आला. दुसरा कोणी असता तर त्याने पारितोषिकाची चाचणी मागितली असती. हॅरिसन ह्यांनी आपल्याच घड्याळातील उणिवा सांगितल्या व अधिक चांगले करण्यास साहाय्य मागितले. दुसरे घड्याळ झाले. त्यातही दोष आढळला, म्हणून त्यांनी ते समुद्रावर पाठविले नाही. तिसऱ्यासाठी १९ वर्षे वेचली, तरी मनाजोगे फळ मिळाले नाही. अखेर १७५९ साली त्यांनी मोठ्या यंत्राचा मोह सोडून सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचे, हातात मावणारे चौथे घड्याळ पूर्ण केले. पुत्र विल्यम ते घेऊन १७६१ साली जमैकाकडे निघाले. ८१ दिवसांत ते अवघे ५ सेकंद मागे पडले.

एवढे होऊनही मंडळाने नव्या अटी घातल्या. ह्या सुताराच्या हातावर विद्वानांचा विश्वास बसेना. १७६५ साली घड्याळाची रचना उघड केल्यावर १०,००० पौंड मिळाले. अखेर राजे तिसरे जॉर्ज ह्यांनी लक्ष घातले आणि १७७३ साली पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले. त्या वेळी हॅरिसन ८० वर्षांचे होते. कॅप्टन कुक ह्यांनी १७७२ ते १७७५ च्या सफरीत ह्याच घड्याळाची प्रतिकृती नेली व तिची प्रशंसा केली. २४ मार्च १७७६ रोजी लंडन येथे हॅरिसन ह्यांचे देहावसान झाले.

मी आयुष्यभर मुलांना शिकविले. उत्तरापेक्षा आपली चूक आपण शोधणे हे अधिक कठीण, हे मी वर्गात नित्य पाहिले. आपल्यापैकी एखाद्याच्या घरी मुलगा वा मुलगी पुठ्ठ्याची किंवा फळकुटाची दात्यांची चाके करून काही यंत्र जुळवीत असेल, तर त्यास केर म्हणून झाडून टाकू नये. दाते आधी मोजावयास सांगावे, तंतूंची दिशा पाहावयास सांगावे, आणि चाक अडले तर कोठे अडले हे त्याचे त्यालाच शोधू द्यावे. हॅरिसन ह्यांची शाळा हीच होती.